काचेवरची करंगळी

"शब्द बरोबर आहे, सेक्रेटरीसाहेब. फक्त इथला नाही."

असं म्हणून ते गृहस्थ नोटीस बोर्डाच्या काचेवर करंगळी टेकवायचे. तर्जनी नाही, पेन नाही, करंगळी. चष्मा कपाळावर चढवलेला, आणि करंगळी नेमकी त्या एका शब्दाखाली. ते निघून गेले की काचेवर एक बारीक ठसा उरायचा. तो मी रुमालाने पुसायचो, कारण बोर्डाची किल्ली माझ्याकडे होती आणि काचेची काळजीही मलाच.

आमची सोसायटी ठाण्यातल्या घोडबंदर रोडची. मराठी, गुजराती, तमिळ, सिंधी, सगळे एकाच लिफ्टने वर-खाली करतात, म्हणून नोटिसा इंग्रजीत. त्या लिहायचो मी. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात सगळी नोकरी झालेली, माझ्या ड्राफ्टला साहेब लोक हात लावत नसत. तुमच्याही सोसायटीत असा एकजण असेलच. हसू नका त्याला. निवृत्त माणसाला सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं, आणि माझं कारण लिफ्टशेजारच्या भिंतीला चार स्क्रूंनी बसवलेलं होतं.

मग हे गृहस्थ सातशे तीन नंबरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आले. मूळचे ठाण्यातल्याच कोपरीचे. तिथली त्यांची जुनी इमारत पाडून नवी बांधत होते, तोवर नवरा-बायको इकडे. डोंबिवलीतल्या एका औषधांच्या कारखान्यात ते माहितीपत्रकं लिहायचे. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण आधी फेकतो, तो. "तिथे शब्द हुकला की माणूस गोळी चुकतो," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. मला ती बढाई वाटली.

पहिली करंगळी पाण्याच्या नोटिशीवर पडली. टाकी धुवायची होती, म्हणून मी लिहिलं होतं की गुरुवारी पाणीपुरवठा 'स्टॉप' होईल.

"'स्टॉप' म्हटलं की लोकांना वाटतं कोणीतरी मुद्दाम बंद केलंय, आणि आता परत कधी येईल ते देवाला माहीत," ते म्हणाले. "'इंटरप्ट' लिहा. मध्येच थांबलंय, परत येणारे, हे त्यात आपोआप येतं."

मी मान हलवली आणि ते वर गेल्यावर नोटीस बदलली. दर वेळी टाकी धुताना माझा फोन दिवसभर खणखणायचा. त्या गुरुवारी एकदाही वाजला नाही. शाळांना सुट्ट्या होत्या, निम्मी सोसायटी गावाला गेली होती, हे मी बायकोला समजावून सांगितलं.

"हो, पण फोन नाही ना आला?" ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. लोक बोर्डापाशी थांबायला लागले. पूर्वी माझ्या नोटिसा कोणी वाचायचं नाही, आता वाचायचे आणि वर म्हणायचे, "काकांनी बघितली वाटतं." सही माझी, शिक्का माझा, आणि कौतुक एका भाडेकरूचं. ज्याला आमच्या सोसायटीत मतसुद्धा नाही!

एकच आशा होती, कोपरीची इमारत. ते भेटले की मी आवर्जून विचारायचो, "काय, स्लॅब कुठवर आला?" ते खूश होऊन सगळं सांगायचे. पाचवा झाला, सहाव्याचं सेंट्रिंग चाललंय, बिल्डर मध्येच गायब होता. बिल्डर गायब झाला हे ऐकून त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतक्या कळकळीने त्यांच्या मुलानेही चौकशी केली नसेल.

तरी खरा घाव घरातच बसला. माझा मुलगा आयटीत आहे. शाळेतल्या निबंधापासून त्याचं इंग्रजी मी तपासलेलं. त्याच्या टीमकडून परदेशातल्या एका क्लायंटचं काम रखडलं आणि त्याला मेल लिहायचा होता. लॅपटॉप उचलून तो दाराकडे निघाला.

"बाबा, मी जरा सातशे तीनला जाऊन येतो. 'रिग्रेट' लिहू की 'अपॉलजाइज', ते काकांना विचारतो."

"का? मी काय मेलोय?"

"अहो बाबा, तुम्ही म्हणता दोन्ही एकच."

म्हणालो होतो खरा. आमच्या खात्यात एकच होतं ते. कोणाचा क्लेम नाकारायचा असला की 'वुई रिग्रेट' लिहायचं आणि खाली सही ठोकायची.

मुलगा परत आला तो धडा घोकल्यासारखा बोलत. चूक आपली असेल तर अपॉलजाइज. चूक कोणाची ते बोलायचं नसेल तर रिग्रेट. आणि मनापासून वाईट वाटलं असेल तर साधं सॉरी, पण तेवढं लिहायला कोणी धजत नाही. "काय भारी माणूस आहे यार," तो आईला म्हणाला. मी अळूचं फदफदं दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि मान खाली घालून जेवलो.

असा माझा जळफळाट चाललेला असताना कमिटीने एक ठराव केला. घरकाम करणाऱ्यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरायची. अध्यक्षांनी नोटिशीत 'सर्व्हंट्स' लिहायला सांगितलं. मी टाइप केलं, पुसलं, 'मेड्स' केलं, पुसलं, 'डोमेस्टिक हेल्प' केलं. काहीच बसेना. शेवटी कागद घेऊन मी आपण होऊन सातशे तीनची बेल वाजवली. माझी मलाच लाज वाटत होती.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. करंगळी कागदावर फिरली, पण टेकली कुठेच नाही. वहिनींनी आणलेला चहा निवला.

"'सर्व्हंट' म्हणजे हुकमाचा ताबेदार. 'मेड' म्हटलं तर फक्त बाई. 'हेल्प' गोड आहे, पण मदतीला आलेल्या माणसाला कोणी वेगळ्या लिफ्टने पाठवतं का?" ते थांबले. "माझी आई कोपरीत चार घरची भांडी घासायची, साहेब. तिला यातला कुठला शब्द चालला असता, ते बघत होतो. नाही सापडला. शब्दाचा दोषच नाहीये. हे वाक्यच इथलं नाही."

मी कागद घडी करून खिशात घातला. मीटिंगमध्ये अध्यक्षांशी भांडलो. नोटीस लागणार नाही, बोर्डाची किल्ली देणार नाही, काय करायचं ते करा, असं सगळ्यांसमोर सांगितलं. ठराव बारगळला. मी छाती काढून घरी आलो.

बायको म्हणाली, "बरं झालं तुम्ही त्यांना विचारलंत."

भांडलो मी, आणि श्रेय सातशे तीनला!

यथावकाश कोपरीची इमारत पुरी झाली. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा ते मला शोधत खाली आले. मी बोर्डापाशीच होतो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"एवढ्या मोठ्या सोसायटीत तुम्ही एकटेच विचारायचात," ते म्हणाले, "स्लॅब कुठवर आला ते. कोणीतरी आपली काळजी करतंय, बरं वाटायचं."

टेम्पो गेटबाहेर वळेपर्यंत मी नुसताच उभा होतो.

त्यांच्यामागे बोर्ड पुन्हा माझा झाला. मी लिहायचो, कोणी थांबायचं नाही. मनासारखं झालं होतं, तर मला सुख वाटायला हवं होतं.

परवा लिफ्ट बंद पडली. चौथ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन आत अडकल्या. लिफ्टची दुरुस्ती आमच्या कमिटीने पुढे ढकलली होती, त्या कागदावर माझी सही होती. दार उघडलं तेव्हा आजींनी माझी बाही धरली ती जिना चढेपर्यंत सोडली नाही.

घरी येऊन नेहमीचं वाक्य टाइप केलं, 'इन्कन्व्हिनियन्स इज रिग्रेटेड'. कोणाचं रिग्रेट, कोणाला, काही पत्ता नाही. पुसलं. 'अपॉलजाइज' लिहिलं. चूक आमची, म्हणजे नियमाने बरोबर. पण माझी बाही अजून चुरगळलेली होती. तेही पुसलं आणि लिहिलं, 'वुई आर सॉरी'. खाली सही केली.

सकाळी आजी बोर्डापाशी थांबल्या. काठीवर रेलून त्यांनी सगळी नोटीस वाचली.

"ते कोपरीवाले परत आले का हो?"

"नाही, आजी. मी लिहिलंय."

"असं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा नोटिशीकडे. "बरं लिहिलंयत. अगदी त्यांच्यासारखं."

पायापासून डोक्यापर्यंत आग झाली माझी. आजी गेल्यावर मी मोबाइल काढून नोटिशीचा फोटो घेतला, त्यांचा नंबर उघडला, आणि पाठवला नाही. 'छान' असं उत्तर आलं असतं तर मी चिडलो असतो. आणि त्यांनी दुसरा शब्द सुचवला असता, तर तोच बरोबर निघाला असता.

बोर्डाला कुलूप लावलं. सवयीने रुमाल काढून काच पुसायला गेलो. काचेवर काहीच नव्हतं.