वरच्या आळीतलं ठरलेलं घर

आमचं गाव पंचगंगेच्या काठी, कोल्हापूरपासून जवळच. इथली बरीच माणसं सकाळी बसने शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी परत येतात. नदीला पूर आला की राहण्यासाठी खालच्या आळीतल्या प्रत्येक घराला वरच्या आळीत एक घर ठरलेलं आहे. ते कोणी ठरवलं, हे कोणालाच सांगता येत नाही. आम्ही जैन, आमचं ठरलेलं घर एका मुसलमान शिंप्याचं.

माझी आई हिवाळ्यात गेली. यंदा श्रावणात पाणी आळीच्या तोंडाशी आलं, तेव्हा मला वाटलं, हे नातं तिचं आणि शिंप्याच्या बायकोचं. मी एकट्याने त्या घरी कोणत्या हक्काने जावं? शहरातल्या लॉजवर खोली सांगून मी दाराला कुलूप लावलं.

वळणावर शिंप्याची बायको, आमची चाची, उभी होती.

"काय पावणं, कुठं निघालासा?"

"लॉजवर."

"आई गेली म्हणून पूर यायचा थांबला व्हय रं?" ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. "अन् तिथं बिनकांद्याचं रांधायला जागा कोण देणार हाय तुला?"

माझी पिशवी घेऊन ती चालू लागली. तिच्या पडवीत शिलाई मशीन भिंतीकडे सरकवून आमच्या शेगडीपुरती जागा दरवेळेसारखी मोकळी केलेली होती. मी घरून शेगडी आणि तांदूळ घेऊन आलो. त्या पडवीत मी कधी एकट्याचा भात लावला नव्हता. तो दोघांपुरता झाला.

चाची आपलं रिकामं ताट घेऊन समोर बसली.