महालक्ष्म्यांच्या भिंतीवर केबिन

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथं लिहून राहिली आहे.

आमच्या पांढुर्ण्याच्या घरी समोरच्या खोलीत, पूर्वेच्या भिंतीशी, सासूबाईंच्या काळापासून महालक्ष्म्या बसतात. आज तिथंच मुलाच्या ऑफिसची केबिन ठोकायला सुतार आला. मुलगा पुण्याच्या कंपनीचं काम आता घरूनच करतो. डिझाइन त्यानं मोबाइलवर आधीच दाखवलं होतं. मी रंग पाहिला अन् छान आहे म्हटलं. भिंत कोणती, ते पाहिलंच नाही.

"अरे, मग महालक्ष्म्या कुठं बसतील?"

"आई, त्या वर्षातून तीन दिवस येतात. माझ्या मीटिंगा रोज असतात. तूच तर हो म्हटलं होतं नं!"

"आतल्या खोलीत कर नं केबिन."

"तिथं तुह्या कुकरच्या शिट्ट्या साहेबाले ऐकू जातात."

सुतार ड्रिल धरून उभाच होता. "काकू, भोक पाडू का वापस जाऊ? सांगा नं बापा."

मुलगा हळूच म्हणाला, "इथं नाही जमलं तर पुण्याले परत जा लागन, आई."

सहा वर्षांनी पोरगा रोज माझ्या हातचं जेवून राहिला आहे. मी भिंतीला हात लावून नमस्कार केला अन् सुताराला म्हटलं, "पाड बाबा."

तुमच्यापैकी कोणी महालक्ष्म्यांची जागा बदलली आहे का? पहिल्या वर्षी त्यांना दारातून दुसऱ्या खोलीत नेताना काय सांगितलं?