आईची बहीण

हे बाबांना माहीत नाही. नवऱ्याला माहीत नाही. ज्या एकाच माणसाला माहीत होतं ते गेल्या वर्षी गेलं, आणि त्यानं हे कधी कुणाजवळ काढलं असेल असं मला वाटत नाही. म्हणजे आता मी एकटीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण. दुसरं — दुसरं राहू दे, सांगता सांगता येईलच.

आधी कॉलेजचं सांगते. इथं आखातात, अब्बासियात वाढलेली आमच्याबरोबरची पोरं बारावी झाली की इंडियात जायची, कुणी इंजिनीअरिंगला, कुणी मेडिकलला. माझे मार्क मला विमानतळापर्यंतसुद्धा पोचवणारे नव्हते. म्हणून इथल्याच एका खाजगी कॉलेजात दोन वर्षांच्या डिप्लोमाला नाव घातलं, इंग्रजी साहित्य घेऊन. आई म्हणाली, "साहित्य तर साहित्य. घरात बसून तरी काय करणार हाईस?" आई मिरजेची. इथल्या हॉस्पिटलात नर्स होती, लहान मुलांच्या वॉर्डात. बाबा शुऐबाला एका कंपनीत, पहाटेच्या बसनं जायचे. आम्ही तिघं एका वेळी जेवायला बसायचो ते फक्त शुक्रवारी.

वर्गावर मिस हनान होत्या. लेबनॉनच्या, पन्नाशीच्या, आवाज कधी चढायचा नाही. कथा वाचून झाली की त्या पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या — हे तुमच्या आयुष्यात कुठं आहे? मग एकेक जण बोलायचं. सीरियाची एक मुलगी होती, तिच्या घराच्या गच्चीवर जाईचा वेल होता. आता वेलही नाही, गच्चीही नाही. एक फिलिपिनो मुलगी आजीकडे वाढलेली, कारण तिची आई इथं दुसऱ्यांची मुलं सांभाळत होती. वर्ग अगदी गप्प होऊन ऐकायचा. आणि मी? माझ्याकडे काय होतं? दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान, शुक्रवारचं मटण. आमचं घर सुखी होतं हो. सुखाची लाज वाटू शकते, हे तुम्हाला पटतंय का? मला वाटायची. जेवणाच्या पंगतीत रिकामं ताट घेऊन बसल्यासारखं व्हायचं.

आत्ता मध्येच उठून मी ओटा पुसून आले. स्वच्छच होता. टाळतेय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

तर — त्या दिवशीच्या कथेत एक बाई मरते आणि तिच्या मुलीला रडू येत नाही. मिसनी पुस्तक मिटलं. माझी पाळी आली. मी म्हणाले, माझी आई गेली.

ठरवून नव्हतं. पण तोंडून गेल्यावर मागेही घेतलं नाही. मिसनी विचारलं, आजारी होती का? मी मान हलवली. कधी? दोन वर्षं झाली, म्हणाले. त्या वेळी आई नाइट करून घरी येऊन झोपली असणार, पडदे ओढून, कपाळाला बाम लावून. मी येईपर्यंत उठून तिनं कुकरही लावला असणार. वर्ग गप्प झाला — माझ्यासाठी. त्या सीरियाच्या मुलीनं माझा हात हातात घेतला. आणि मला बरं वाटलं. हे लपवत नाही. फार बरं वाटलं.

मग ती गेलेली आई वाढतच गेली. मी तिच्याविषयी बोलायचे, लिहायचे. युनिफॉर्मला इस्त्री करताना ती कॉलरवर पाणी शिंपडायची, तेही हातानं नाही, तोंडानं फुर्रकन. भाकरी थापताना तिच्या बांगड्यांचा एक ठेका असायचा. ड्यूटीहून आली की मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसायची, आणि त्या वेळी तिला काही विचारलं की डोळे न उघडता "हं" म्हणायची. हे सगळं खरं होतं. खोटं एवढंच, की मी 'होती' म्हणत होते. मिस म्हणायच्या, तुझ्या आईला मी ओळखते असं वाटतं. आणि घरी आले की खरी आई समोर — पाय पाण्यात, डोळे मिटलेले. मला तिचा राग यायचा. कशाचा राग? ती जिवंत होती याचा? मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की मेलेल्या आईवर मी जितकी माया केली तितकी जिवंत आईवर कधी केली नाही, आणि दोघी एकाच घरात राहत होत्या.

पण खरा गुन्हा हा नाहीच. इथपर्यंत पोरबुद्धी म्हणून सोडून देता आलं असतं.

दुसऱ्या वर्षी मिसचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, आईच्याच हॉस्पिटलात. मला भीती वाटली नाही, कारण आई मुलांच्या वॉर्डात, दुसऱ्या मजल्यावर. मी फुलं घेऊन एकटीच गेले. पण स्टाफ कमी पडला की नर्सेसना एका वॉर्डातून दुसऱ्यात पाठवतात. हे मला माहीत असायला हवं होतं; जन्मभर तेच ऐकत आले होते.

पडदा सरकवून सलाइन बघायला आई आत आली. मला पाहिलं आणि हसली. कसं सांगू — कामावर असताना अचानक आपलं माणूस दिसल्यावर येतं ते हसू. काहीतरी बोलणार होती. बहुतेक, जेवलीस का.

त्याआधी मी म्हणाले, "हॅलो, सिस्टर."

परक्या नर्सला म्हणावं तसं. डोळ्याला डोळा भिडवून.

आई थांबली. मिसना काय कल्पना? त्यांनी मायेनं माझा हात धरला आणि आईला सांगितलं, सिस्टर, ही माझी सगळ्यात हुशार मुलगी. बिचारीची आई गेलीय. आईनं सलाइनच्या नळीवरचं चाक फिरवलं, थेंब पाहत राहिली. मग इंग्रजीत म्हणाली, "यस मॅडम. आय नो हर. मी तिच्या आईची बहीण."

मिसना केवढा आनंद झाला. त्या सांगू लागल्या — तुमच्या बहिणीविषयी ही किती सुंदर लिहिते. ती इस्त्री, त्या बांगड्या, ते मिठाचं पाणी. आई उभी राहून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, आणखी काय लिहिते? खरंच विचारलं तिनं. मिसनी आणखी सांगितलं. मी खिडकीकडे पाहत होते. आई जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली, मावशीनं फिरवावा तसा.

घरी काय झालं? काहीच नाही. मी वाट पाहत होते की ती मारेल, रडेल, निदान बोलायचं बंद करेल. ती बांगड्या काढून भाकऱ्या करत होती. बांगड्या काढून — हे माझ्या नंतर लक्षात आलं. ताट वाढताना एवढंच म्हणाली, "माय मरो नि मावशी जगो म्हणत्यात ते काय खोटं न्हाई. आमटी गरम हाय बघ." आणि थोडी हसली. मी माफी मागितली नाही. आमटी वाढून घेतली.

पुढं सर्टिफिकेटचा कार्यक्रम होता. मिसनी मुद्दाम सांगितलं, मावशींना आण. बाबांना रजा नव्हती. आई हिरवी इरकल नेसून आली, पहिल्या रांगेत बसली. स्टेजवर प्रत्येकानं दोन शब्द बोलायचे होते. माईक माझ्या हातात होता. ही माझी आई — तीन शब्द. दुसऱ्या एखाद्या भाषेत आणखी कमी लागले असते, आणि तिथल्या सगळ्या भाषा मला येत होत्या. मी म्हणाले, माझ्या मावशीचे आभार. तिनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. नंतर मिसनी तिला मिठी मारली आणि ती त्यांना म्हणाली, माझ्या बहिणीचा फार जीव होता हिच्यावर.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. माझं लग्न झालं, इथंच मंगफला राहायला आले, शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आई रिटायर होऊन बाबांबरोबर मिरजेला गेली. फोन रोज व्हायचा. मी कितीदा ठरवलं, आज बोलायचं. तिनं मात्र एकदाही विषय काढला नाही. फक्त कधीकधी फोन ठेवताना विचारायची, "लिहितीस का काय आता?" मी म्हणायचे, वेळ कुठं असतो. ती म्हणायची, "बरं लिहायचीस, म्हणत्यात."

गेल्या वर्षी ती गेली. झोपेतच. मी पोचले तेव्हा दारात लोक जमले होते. मला रडू येईना. जे जे आठवायचं ते माझं आधीच वापरून झालेलं होतं — कॉलर, बांगड्या, पाय सोडलेली बादली. बाबा म्हणाले, पोरगी धक्क्यात आहे.

परत आल्यावर मी व्हॉट्सॲपला तिचा फोटो लावला, त्याच हिरव्या इरकलीतला, खाली फक्त जन्माची आणि मृत्यूची तारीख. दुपारी मिस हनानचा मेसेज आला. त्या आता बैरूतला असतात. लिहिलं होतं — तुझ्या मावशीचं कळलं, फार वाईट वाटलं. आईची उणीव तिनं तुला भासू दिली नाही.

शाळा सुटली होती. वर्गात मी एकटीच होते. कुणी पाहत नव्हतं, मार्क कुणी देणार नव्हतं, आता दुखावलं जाणारं कुणी उरलं नव्हतं.

मी उत्तर लिहिलं, "थँक यू, मिस. मावशी फार चांगली होती."