न्यू जर्सीतला एक नकार

नेवार्क विमानतळावर उतरले तेव्हा पाय इतके सुजले होते की चपलेत मावेनात. तशीच लंगडत इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहिले. माझा भाचा निखिल तिथल्या एडिसन गावात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. त्यानं फोनवर आधीच बजावलं होतं, "मावशी, तिथे कॅपिटलिझम वगैरे विषय काढू नकोस हं. ट्रेनिंग म्हण, बास." खिडकीतल्या अधिकाऱ्यानं कसलं ट्रेनिंग म्हणून विचारलं. सहकारी संस्थांचं, असं मी सांगितलं. त्यानं जांभई दिली आणि पासपोर्ट परत केला.

माझी सगळी नोकरी सांगलीत, सहकारी संस्थांच्या चिटणिसांना शिकवण्यात गेली. सभा कशी बोलवावी, ठराव कसा मांडावा, इतिवृत्त कसं लिहावं. एवढ्या भांडवलावर मला अमेरिकेत बोलावलं होतं. भांडवलशाहीला पर्याय शोधणाऱ्या तरुण अभ्यासकांचं तिथे उन्हाळी शिबिर होतं, कॉलेजच्या रिकाम्या वसतिगृहात. कुणी पीएचडी करत होतं, कुणाची नुकतीच झाली होती. एखाद्या संस्थेत जाऊन, माणसांना उपद्रव न देता अभ्यास कसा करायचा, हे मी शिकवायचं होतं.

शिबिराचा संयोजक डॅनियल अनवाणी फिरायचा आणि सगळे निर्णय गोलात बसून, एकमताने घ्यायचा. पटलं की हात वर करून बोटं हलवायची. न पटलेला एक जरी असला तरी चर्चा पुढे चालू. पहिली दुपार जेवणाला कागदी ताटल्या वापराव्यात की नाही यात गेली. निर्णय होईपर्यंत लोक चणे हातावर घेऊन खाऊ लागले होते. बाहेर कडक ऊन आणि आत एसीचा गारठा. मी स्वेटर घालून बसत असे आणि मनात म्हणत असे, आमची वार्षिक सभा एव्हाना चहापाण्यासकट उरकली असती.

त्या गोलात एकच मराठी मुलगी होती, नागपूरची मृणाल. ती बोटं कमी हलवायची, कारण तिचं मन दुसरीकडे होतं. जवळच्या गावात बायकांनी मिळून चालवलेली एक लाँड्री होती. हॉटेलांच्या चादरी तिथे धुतल्या जात. काम करणाऱ्या त्याच मालकिणी. मृणालला तिथे राहून अभ्यास करायचा होता. उन्हाळा संपायच्या आत त्या बायकांची परवानगी मिळाली नाही, तर तिची शिष्यवृत्ती थांबणार होती आणि शिष्यवृत्तीबरोबर व्हिसाही. त्यांच्या सभेत तिचा विषय निघणार होता. "मॅडम, तुम्ही याल का सोबत?" तिनं विचारलं. मी गेले.

लाँड्रीत वाफ होती, ब्लीचचा वास होता आणि भिंतीलगत चादरींच्या गाड्या उभ्या होत्या. कामाची पाळी संपल्यावर बायका उलट्या टोपल्यांवर बसल्या. आम्हाला तमाले (मक्याच्या सालपटात गुंडाळून वाफवलेले पिठाचे मुटके) मिळाले. शिबिरातल्या चण्यांनंतर मला ते फार आवडले. मार्ता नावाची बाई सभा चालवत होती आणि आमच्यासाठी अधूनमधून इंग्रजीत सांगत होती. तिनं मृणालचा अर्ज वाचला आणि सगळ्यांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही.

आमच्याकडे अशा शांततेचा एकच अर्थ होतो. अध्यक्ष ठराव वाचतात, मागून कुणीतरी 'मंजूर' म्हणतं, आणि तेही कुणी म्हटलं नाही तर चिटणीस आपला आपण लिहून टाकतो. मी मृणालला कोपरानं ढोसलं. "झालं. आभार मान." तीही आमच्याचकडची. उठली, हात जोडले आणि पाठ केलेल्या स्पॅनिशमध्ये आभार मानून मोकळी झाली.

एकही बाई हसली नाही. "बसा," मार्ता म्हणाली. "अजून कुणी बोललेलं नाही."

मग एकेक जण बोलू लागली. एकीनं म्हटलं, येऊ दे, पोरगी शनिवारची येऊन बसते, नीट वागते. दुसरीनं विचारलं, लिहिलेलं आम्हाला आधी दाखवणार का? मृणालनं हो म्हटलं. असं करत पाळी इनेसवर आली. ही इस्त्रीच्या मशीनवरची वयस्क बाई. तिनं मान वर केली आणि "नाही" म्हणाली.

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. मार्ता कागद दुमडू लागली, तेव्हा मला राहवलं नाही. का नाही, एवढं तरी विचारा, मी म्हटलं.

"आमच्यात हो म्हणणारीनं कारण सांगायचं असतं," मार्ता म्हणाली. "नाही म्हणणारीला विचारत नाही."

एका नकारात विषय संपला. निघताना इनेसनंच आम्हाला उरलेले तमाले बांधून दिले.

निखिल आम्हाला न्यायला एडिसन स्टेशनवर आला आणि ओक ट्री रोडवरच्या हॉटेलात मिसळ खायला घेऊन गेला. सगळं ऐकून म्हणाला, "दुसरी को-ऑप शोध ना यार. शंभर ईमेल टाक, एक तरी हो म्हणेल."

"दादा, हे जॉब ॲप्लिकेशन नाहीये," मृणाल म्हणाली.

"व्हिसावाल्यांना ते तसंच वाटतं गं."

तिनं मिसळ पूर्ण खाल्ली. पार्किंगमध्ये मला म्हणाली, माझे आभार ऐकून त्या चिडल्या असतील का? माझ्या कोपराचा दोष असणं शक्य होतं. पण ते कळायला कारण विचारावं लागलं असतं.

शेवटच्या दिवशी गोलात मृणालनं घडलेलं सांगितलं. सगळे हळहळले. कुणीतरी सुचवलं, आपण सगळे मिळून त्या बायकांना विनंती करू, त्यांचा आणि आपला लढा एकच आहे हे समजावू. डॅनियलला कल्पना फार आवडली. भराभर हात वर झाले, बोटं हलली. सबंध शिबिरात इतक्या लवकर एकमत झालेलं मी पाहिलं नव्हतं.

मृणालचे हात मांडीवरच होते. "नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय," डॅनियल म्हणाला. "का नको?"

"कारण सांगणार नाही."

एकेक हात खाली आला.

परतीच्या विमानात मी खाली मान घालून झोपले. सांगलीत सहकाऱ्यांनी विचारलं, अमेरिकेत पर्याय सापडला का? मी म्हटलं, सापडला, पण त्यानं आम्हाला आत घेतलं नाही. त्यांना तो विनोद वाटला आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला.

काही आठवड्यांनी मृणालचा मेसेज आला. विषय बदलल्यावर शिष्यवृत्ती आणखी एका सत्रापुरती वाढवून मिळाली होती. आता ती बंद पडलेल्या सहकारी संस्थांची जुनी दप्तरं वाचते. "बोअर आहे मॅडम," तिनं लिहिलं होतं, "पण मेलेल्या संस्था नाही म्हणत नाहीत."

मी कळवलं, म्हणूनच त्यांच्याबद्दल जास्त जपून लिही.