सहा किलो दोनशे

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये शेवटचा शब्द कुणाचा, असं विचारलं तर मुलं माझं नाव घेत नाहीत. मी प्राध्यापक आहे, दारावरच्या पाटीवर माझंच नाव आहे, तरीही. ती दर्शनाताई परबांचं नाव घेतात. दर्शनाताई वर्कशॉपच्या अटेंडंट. एकवीस वर्षं त्या डिलाईल रोडच्या चाळीतून चालत परळला येतात आणि साडेआठच्या ठोक्याला कुलूप काढतात. त्यांच्याशिवाय कुठलंही माप आमच्या वहीत चढत नाही.

आकडा गोल करणं त्यांना जमतच नाही. कुणी ‘साडेनऊच्या आसपास’ म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी येते. ‘आसपास म्हणजे किती?’ असं त्या मलाही विचारतात. मला राग येतो, कारण बहुतेक वेळा मला उत्तर माहीत नसतं.

त्यांचे वडील धोंडू परब कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दसऱ्याला साच्याची पूजा करताना ज्या भागाला जास्त कष्ट पडतात त्याला ते आधी कुंकू लावायचे. दर्शनाताईंनी ही रीत आमच्याकडे आणली. रोबोंच्या स्पर्धेला निघण्याच्या आदल्या दिवशी मुलांच्या यंत्रापुढे नारळ फुटतो. मी दरवर्षी त्यांची खेचतो. एकदा म्हणालो, ताई, माझ्या कॉम्प्युटरलाही टिळा लावा, सारखा हँग होतोय. त्यांनी खरंच लावला.

यंदाचा रोबो ढकलाढकलीचा होता. रिंगणात दोन रोबो समोरासमोर सोडतात, जो दुसऱ्याला रेटून बाहेर काढेल तो जिंकतो. त्याचा जोर मोजायची रीत साधी आहे. रोबोच्या मागे दोरी, दोरीला ताणकाटा आणि ताणकाटा भिंतीतल्या हुकाला. रोबो पुढे पळायला बघतो, काटा चढत जातो, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली की तिथला आकडा घ्यायचा. मोटर कितीही तगडी असो, चाकांनी जमीन धरली नाही तर ती बिचारी नुसती गुरगुरते.

चाकांचं रबर मनवाने स्वतः ओतलं होतं. तिसऱ्या वर्षाची ही मुलगी दोन महिने त्यापायी घरी शिव्या खात होती. मऊ केलं तर फाटायचं, कडक केलं तर घसरायचं. सतराव्या खेपेला एक तांबडं रबर जमलं आणि दर्शनाताईंनी आकडा वाचला, नऊ किलो सहाशे. टीमचा कप्तान यशोधन याला बाजारातली तयार चाकं हवी होती. आकडा ऐकून त्याने ती बॅगेत ठेवून दिली.

शनिवारी स्पर्धा होती. शुक्रवारी सकाळी पूजा झाली, मुलांनी रोबो इकडून तिकडे दोन-चार वेळा फिरवून बघितला आणि दुपारी शेवटची चाचणी घेतली. आकडा आला सहा किलो दोनशे. पुन्हा घेतली, तिसऱ्यांदा घेतली, तरी काटा सहाच्या पुढे हलेना. चाकं मात्र जोरात फिरत होती.

यशोधन म्हणाला, रबर गेलं. तयार चाकं त्याच्या बॅगेत होतीच. मीही शहाणपणा पाजळला, घरगुती ओतकाम, हवा, उष्णता वगैरे सांगितलं आणि चाकं बदला म्हणून मोकळा झालो. पोरं आणि मी चहाला गेलो, मनवा मात्र पाना शोधायला स्टोअरमध्ये गेली, आपलीच चाकं आपल्या हाताने काढायला.

पुढचं मला दर्शनाताईंनीच नंतर सांगितलं. एकट्या असताना त्यांनी सहज चाकावरून बोट फिरवलं. पिठासारखं काहीतरी बोटाला लागलं. तांबड्या रबरावर दिसत नव्हतं, पण बोटावर दिसलं. सकाळी त्यांनीच चारही चाकांना कुंकू लावलं होतं. आधीच्या वर्षांचे रोबो वस्तू उचलायचे, तेव्हा टिळा रोबोच्या हाताला लागायचा. या रोबोचे सगळे कष्ट चाकांना, म्हणून यंदा मान चाकांचा.

त्यांनी फडका स्पिरिटमध्ये भिजवलासुद्धा. कुणी बघत नव्हतं. गुपचूप पुसलं असतं तर पुढचा आकडा बरोबर आला असता. पण मग मुलं म्हणाली असती, हे चाक कधी सहा दाखवतं, कधी नऊ, भरवशाचं नाही. मनवाची मेहनत फुकट गेली असती. त्यांनी फडका खाली ठेवला आणि सगळ्यांची वाट बघत बसल्या.

आम्ही परत आलो तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

“यशोधन, चाकं काढू नको. मनवाचं रबर चांगलं हाय. सकाळी मी चाकांना कुंकू लावलं, त्यानंच घसरतंय. चूक माझी हाय.”

हे बोलताना त्या यशोधनकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. इतकी वर्षं मी त्यांच्या पूजेची टिंगल केली होती आणि आता त्यांनी आयता विनोद माझ्या हातात दिला होता. खरं सांगतो, तो माझ्या जिभेवर आलाही होता. गिळला. आणि मला स्वतःची लाज वाटली.

चाकं पुसली. काटा चढत गेला, नऊवर आला, तरी चाकं जमीन सोडेनात. दर्शनाताईंनी चष्मा सावरून वाचलं, नऊ किलो साडेसहाशे. मनवा एकाच वेळी हसत आणि रडत होती. यशोधनने तिची माफी मागितली आणि वहीतले सहाचे तिन्ही आकडे खोडायला पेन काढलं. दर्शनाताईंनी वही ओढून घेतली. तेही खरेच आकडे आहेत, म्हणाल्या, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘चाकांना कुंकू. द. परब.’

शनिवारी आम्ही उपांत्य फेरीत हरलो. वायर तुटली, चाकं शेवटपर्यंत टिकली.

पण त्याआधी, शुक्रवारी संध्याकाळी वर्कशॉप बंद करताना मी त्यांना म्हणालो, “ताई, तुमच्या जागी मी असतो तर गपचूप पुसून टाकलं असतं.”

त्यांनी कुलूप ओढून बघितलं आणि म्हणाल्या, “नाय हो सर. तुम्ही पण सांगितलं असतं. जरा वेळ लागला असता, एवढंच.”