बांधावर ठेवलेली सीडी

२००५ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि तोवर कुणाचं फुकट काही घेतलं नव्हतं. लग्नकार्यात आहेर आला तर त्याच्याहून भारी परत केला. शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे अक्कल कमी असेल, पण मान ताठ होती. अजून आहे.

घरात आम्ही आमची बोली बोलतो. ती तशीच लिहिली तर खाडीपलीकडच्या माणसाला कळायची नाही, म्हणून सगळ्यांना कळेल असं लिहितो.

निर्मळला आमची वाडी. केळी, थोडी अबोली, कडेला नारळ. शाळा वाडीच्या कुंपणाला लागून. त्या जागेवरही आधी आमचीच केळ होती, बापाने गावाला दिली. डिसेंबरात सकाळी वाडीत धुकं उतरलं की केळीची पानं दिसत नाहीत, त्यांच्यावरून गळणारं पाणी तेवढं ऐकू येतं. शाळा सकाळची. त्या धुक्यातून पाढे यायचे. शंभर पोरांच्या आवाजात माझ्या नातीचा आवाज मला वेगळा ऐकू यायचा. बायको म्हणायची, "काही ऐकू येत नाही, तुम्हाला भास होतो." असेल भास. पाणी लावताना मी तो भास रोज ऐकायचो.

नात तिसरीत होती. मुलगा मुंबईला ऑफिसात. त्याने रुळांपलीकडे तुळिंजला फ्लॅट बघून ठेवला होता. खाली दुकानं, समोर रस्त्यापलीकडे इंग्लिश शाळा. एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, जूनपासून आम्ही तिकडे. पोरीचं बघायला पाहिजे. इथल्या शाळेत आहे काय? एक कम्प्युटर आहे, तोही झाकून ठेवलेला."

"आणि तो चालू झाला तर?"

"होऊ दे चालू. मग बघू."

भात गार झाला तरी मी तेवढंच एक वाक्य चावत बसलो. मग बघू.

तो कम्प्युटर सरकारातून आला होता. बटण दाबलं की गुंगुंग करायचा, निळा व्हायचा आणि कसलीतरी किल्ली मागायचा. ती किल्ली गुरुजींकडे नव्हती, गावात कुणाकडेच नव्हती. गुरुजींनी त्याला फुलाफुलांचं कापड शिवून घेतलं. दसऱ्याला मुलं त्याला हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची. वर्षातून तेवढंच त्याचं काम.

नाताळाला शेजारची सिस्टर आली. शेजारची म्हणजे आमच्या बांधाला बांध लागून असलेल्या ख्रिस्ती घरातली. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. मी तिला खांद्यावर घेऊन जत्रेला नेलेलं. पुढे ती नन झाली आणि स्पेन देशातल्या एका कोरड्या मुलखात मुलांना शिकवायला गेली. तीन-चार वर्षांनी एकदा घरी यायची. आली की आईला भेटून झाल्यावर बांधावर येऊन उभी राहायची आणि हाक मारायची, "दादा, आहात का म्हातारे झालात?"

"आहे. तू जाडी झालीस बाय. तिकडे कामबिम आहे की नुसतं गाणं?"

ती हसायची आणि बांधावर बसायची. तिने सांगितलेलं ऐकत मी वाडीतच त्या मुलखात जाऊन यायचो. तिथे म्हणे पाऊस कमी, झाडं बुटकी, माती लाल, आणि झाडांची साल काढून बाटल्यांची बुचं करतात. सालीशिवाय झाड उभं राहतं. मला ती उघडी झाडं दुपारी डोळा लागला की दिसायची.

त्या नाताळात तिला शाळेतल्या बंद कम्प्युटरचं कळलं. नातीनेच सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी ती सीडी घेऊन आली.

"दादा, आमच्या तिकडच्या शाळेत कम्प्युटर यानेच चालतात. किल्ली लागत नाही."

"कुणाचं आहे?"

"सगळ्यांचं. तिथले मास्तर लोक ते उघडतात, आत काय आहे ते बघतात, आपल्या मुलांना लागेल तसं बदलतात आणि दुसऱ्या शाळेला देतात. ती शाळा अजून कुणाला देते. गरीब मुलूख आहे तो, पण प्रत्येक वर्गात कम्प्युटर चालतो."

"मालक कोण?"

"तसा मालक नाही."

"बिनमालकाची वाडी म्हणजे गुरांची चराई, बाय."

"चरून संपत नाही ना ही, तीच तर मजा आहे."

"किती द्यायचे?"

"काही नाही. फुकट."

झालं. तो शब्द तिने उच्चारला नसता तर बरं झालं असतं. मी खुरपं उचललं. "माझ्या बापाच्या जागेवरची शाळा आहे. तिच्यात फुकटचं काही जाणार नाही. ज्याला दाम नाही त्याला किंमत नाही. ने परत तुझ्या स्पेनला."

तिने समजावलं नाही. ती वाडीतली आहे, मला ओळखते. तिने फक्त माझ्यामागे उभ्या असलेल्या राजेळीच्या केळींकडे बघितलं. मग सीडी बांधावरच्या सपाट दगडावर ठेवली, पाठ फिरवली आणि घराकडे चालू लागली. एकदाही मागे बघितलं नाही.

आता आमची रीत सांगतो. केळीच्या बुंध्याशी जे कोंब फुटतात त्यांना आम्ही मुनवे म्हणतो. मुनवा कुणी विकत नाही, कुणी हातात देत नाही. ज्याला द्यायचा त्याच्या बांधावर ठेवायचा आणि मागे न बघता निघून जायचं. घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. घेणारा वाकला तर मुनवा वाकतो, असं आमच्यात म्हणतात. कुणाकडून आला त्याचं नाव पुढे कधी काढायचं नाही. मात्र बांधावर ठेवलेला मुनवा लावायचाच, सुकू द्यायचा नाही, आणि आपली केळ व्याली की त्यातला एक दुसऱ्या कुणाच्या तरी बांधावर ठेवून यायचा. ज्याच्याकडून आला त्याच्या नाही, दुसऱ्याच्या.

माझी राजेळी बापाच्या वेळेपासून आहे. बापाला ती कुणाच्या वाडीतून आली हे मला ठाऊक आहे, सिस्टरलाही ठाऊक होतं. तिने नाव काढलं नाही, मीही काढत नाही.

दुपारभर ती सीडी दगडावर पडून राहिली. मी तिच्याकडे पाठ करून कामाला लागलो. पण ऊन सरकलं तसा तिचा कवडसा केळीच्या पानावर पडला. गोल, पांढरा, कडेला इंद्रधनुष्याची चिरी. पान हललं की तो पानावरून घसरायचा आणि परत चढायचा. मी पाटाशी बसलो तर तो पाटाच्या पाण्यात आला. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत. त्या गुंगीत मला वाटलं की आपण बसलोय तिथे लाल माती आहे, सोललेली झाडं आहेत, आणि झाडांमधून आपल्या गावचे पाढे येताहेत.

बायकोने चहा आणला. सगळं तिने आधीच ऐकलं होतं, आमच्याकडे कुंपणाला कान असतात.

"अहो, कावळे नेतील ती. चमकतंय काहीतरी म्हणून."

"नेऊ देत."

"बांधावर ठेवलेलं सुकवणार तुम्ही? तुमच्या वडिलांनी बघितलं तर काय म्हणतील?"

मी चहा पिऊन संपवला. कप तिच्या हातात दिला. उठलो, सीडी उचलली, सदऱ्याला पुसली आणि शाळेत गेलो. गुरुजींच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "लावा." आभार त्यांनीही मानले नाहीत. ते कोल्हापूरकडचे, पण गावात राहून शिकले होते.

लावायला सिस्टरच बसली गुरुजींबरोबर. मी दाराशी उभा. मुलं खिडकीला लोंबकळलेली. फुलांचं कापड निघालं. मशीन गुंगुंग करू लागलं. आता निळा होणार, आता किल्ली मागणार. पण पडद्यावर रंग आले आणि मोठ्या अक्षरात काहीतरी उमटलं. सिस्टरने वाचलं, "ब्येनवेनिदोस. म्हणजे या, बसा."

पोरांनी तो शब्द असा काही झेलला की संध्याकाळपर्यंत गावात गुरांनाही तेच ऐकावं लागलं. नात घरी येऊन म्हणाली, "ब्येनवेनिदोस आजोबा, चहा घेणार?"

तिने कम्प्युटरवर चित्र काढलं होतं. काळा कोट घातलेला एक पक्षी कोपऱ्यात उभा राहून बघायचा आणि मुलांनी चित्र काढायचं. तिने केळ काढली, निळ्या पानांची. गुरुजी म्हणाले पान हिरवं असतं. ती म्हणाली, "धुक्यात निळंच असतं." पोरगी वाडीत बघत होती तर.

मी गुरुजींना विचारलं, "ते सगळं आत गेलं, आता ही चकती रिकामी झाली?"

"छे हो. जशीच्या तशी आहे. कितीही ठिकाणी लावा."

म्हणजे मूळ जागेवर आणि मुनवाही चालता. मला ते तेव्हा पटलं. फुकट म्हणजे भीक, एवढंच मला माहीत होतं. ही भीक नव्हती. पण मी तसं बोललो नाही, आणि सिस्टरने विचारलंही नाही. शनिवारी ती स्पेनला परत गेली. जाताना बांधावर आली. "येते दादा." मी म्हटलं, "ये. बारीक होऊन ये."

रविवारी मी मुलाला शाळेत नेलं. गुरुजींकडून किल्ली मागून घेतली, दाराची. नातीने स्वतः बटण दाबलं, स्वतः तो पक्षी पडद्यावर आणला, बापाला निळी केळ दाखवली. तो खुर्चीवर बसला, इकडेतिकडे दाबून बघितलं. त्याच्या मानेकडे बघत मी उभा होतो. लहानपणी गणित सोडवताना ती मान अशीच वाकायची.

"छान आहे," तो म्हणाला. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाला, "पण बाबा, हे बाहेर कुठे चालत नाही. आमच्या ऑफिसात दुसरंच असतं. तुळिंजच्या शाळेतही तेच, दुसरं. उद्या हिला नोकरीला काय कामाचं? हे कुणीतरी फुकट वाटलेलं..."

तो बोलत राहिला, मी ऐकायचा थांबलो. माझीच वाक्यं होती ती. ज्याला दाम नाही त्याला किंमत नाही. पोरगा ती माझ्याच ओट्यावर बसून शिकलेला. आता त्याला खोडून काढायला मला तोंड नव्हतं, आणि विनवणी मला येत नाही.

"मग जूनला जाणार?"

"जावं लागेल, बाबा."

नातीने मशीन बंद केलं आणि फुलांचं कापड त्याच्यावर नीट पसरलं, झोपलेल्या माणसाला पांघरूण घालावं तसं.

त्या दिवशी उन्हं कलताना मी राजेळीच्या रांगेत बसून राहिलो. केळ एका जागी राहत नाही, हे वाडीवाल्याला ठाऊक असतं. जुना बुंधा कापला जातो, शेजारचा मुनवा मोठा होतो, मग त्याच्या शेजारचा. बापाने लावलेली केळ हात-दीड हात करत आता कुंपणाजवळ गेली आहे. कुणी ढकलली नाही. डोळे अर्धे मिटले की मला ती चालताना दिसते. कुंपण ओलांडून, शाळेच्या अंगणातून, तळ्याच्या काठाने, पानं डोलवत. कुठे निघाली विचारलं तर सांगत नाही.

उठलो आणि गुरुजींच्या घरी गेलो. सीडी मागितली. त्यांनी कारण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीत धुकं होतं. नातीला शाळेच्या फाटकाशी सोडलं. सीडी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि सायकल काढली. बायको म्हणाली, "एवढ्या थंडीत कुठे?" "मुनवा ठेवायला," मी म्हटलं. तिने मफलर आणून दिला.

सोपाऱ्यापर्यंत धुकं विरलं. रूळ ओलांडून पूर्वेला उतरलो, तुळिंजला पोचलो. भाजीच्या गाड्या लागत होत्या. ती इंग्लिश शाळा सापडायला वेळ लागला नाही. नवी भिंत, निळं फाटक, आत मुलांची प्रार्थना चाललेली. ओळखीचा एकही आवाज नाही. रस्त्यापलीकडे मुलाने बघितलेली इमारत.

फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "बाबा, किससे मिलना है?"

"किसीसे नहीं."

कुंपणाच्या भिंतीवर सपाट जागा बघितली. सीडी खिशातून काढली, पुसली आणि चमकती बाजू वर करून ठेवली. पाठ फिरवली.

मागे बघायचं नाही. सायकल हातात धरून चालू लागलो. समोर ती इमारत, आणि तिच्या तिसऱ्या मजल्याच्या भिंतीवर, रिकाम्या खिडकीशेजारी, गोल पांढरा कवडसा पडलेला, कडेला इंद्रधनुष्याची चिरी. स्थिर होता. मी रस्त्याच्या मध्यापर्यंत गेलो तरी स्थिर होता. मग तो हलला, खिडकीवरून झरकन खाली उतरला आणि नाहीसा झाला. कुणीतरी उचलली होती.

मी सायकलवर टांग टाकली. वाडीला पाणी लावायचं होतं.