लोकर मातीत घालणारी सून

गोरेगावहून सेनगावला निघालेल्या जीपमध्ये मागच्या बाकावर भरपूर जागा होती, तरी लोक पुढे दाटीवाटीनं बसले होते. मागे एक बाई पायाशी पोतं घेऊन बसली होती आणि त्या पोत्याला मेंढरांचा उग्र वास येत होता. ड्रायव्हर तिला पोतं टपावर टाकायला सांगत होता. बाहेर भुरभुर चालू होती, म्हणून ती ऐकत नव्हती. लोकर भिजली की काम बिघडतं, एवढंच ती न चिडता परत परत सांगत होती. मी सगळ्यांत शेवटी आले, त्यामुळे मला तिच्याच शेजारी बसावं लागलं. त्याचं मला आजही बरं वाटतं.

तेव्हा मी हिंगोलीच्या एका लहानशा संस्थेत नुकतीच लागले होते. त्याआधी बरीच वर्षं बालवाडी चालवली होती. आवाज मोठा आणि गोष्ट सांगायची सवय, एवढ्या भांडवलावर मला हे काम मिळालं. धंदा करता करता गावाचं, जमिनीचं, पाण्याचं भलं बघणारी माणसं जिल्ह्यात शोधायची, त्यांच्याकडे बसून सगळं नीट ऐकून घ्यायचं आणि त्यांची गोष्ट दुसऱ्या गावात जाऊन सांगायची. सोबत फोनवर काढलेले फोटो, एक पांढरा पडदा, छोटा प्रोजेक्टर आणि एक स्पीकर. वसमतकडे हळदीच्या पाल्याचं खत करून विकणाऱ्या बायका मला अशाच सापडल्या होत्या. हिंगोलीत भंगारातले फवारणीचे पंप दुरुस्त करून गरजू शेतकऱ्यांना वापरायला देणारा एक मेकॅनिक सापडला होता. लोकांना या गोष्टी आवडायच्या. गोष्टीतला माणूस आपल्याच जिल्ह्यातला आहे, त्याचं गाव जीपनं गाठता येतं, हे कळलं की ऐकणारे जरा पुढे सरकून बसायचे.

तर जीपमध्ये मी त्या बाईला विचारलं, एवढी लोकर कशासाठी?

"पिशव्या करते," ती म्हणाली. "रोपांच्या. त्या काळ्या प्लास्टिकच्या असतात ना, तशा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं कमरेच्या पिशवीतून एक नमुना काढून माझ्या हातात दिला. राखाडी रंगाची, जाड, हाताला खरखरीत लागणारी, वीतभर उंचीची पिशवी. रोप यात वाढवायचं आणि पिशवीसकट खड्ड्यात लावायचं. लोकर पाणी धरून ठेवते, हळूहळू कुजते आणि मातीला मिळते. फाडून फेकायला काही उरत नाही. जीप सेनगावला पोचेपर्यंत मी तिला घरी येण्याचं कबूल करून बसले होते.

तिचं घर गावाच्या कडेला होतं. मेंढपाळांचं घराणं. नवरा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन बाहेर, चाऱ्याच्या मागे; जीपमधलं पोतं ती त्याच्याकडूनच आणत होती. घरी ती, तिची सासू आणि सासरा. सासरा ओसरीत खांबाला टेकून बसलेला. त्याच्यामागे हातमागाचा खड्डा होता, त्यावर फळ्या टाकून वर दाण्याची पोती रचली होती. म्हातारा घोंगड्या विणायचा. आसपासच्या गावांत त्याच्या घोंगडीला नाव होतं, असं सासूनं सांगितलं. आता सगळे बाजारातलं ब्लँकेट घेतात. मेंढरं कातरली की लोकर घरामागच्या खड्ड्यात पडायची. कुणी फुकटही नेत नव्हतं.

मी म्हाताऱ्याला नमस्कार केला. त्यानं मान हलवली आणि दुसरीकडे बघितलं. नंतर सुनेनं हळू आवाजात सांगितलं की तो तिच्या या कामावर रुसून होता. लोकर माणसाच्या अंगावर घालायची वस्तू आहे. ती चिखलात पुरायची म्हणजे लोकरीचा आणि मेंढरांचा अपमान, असं त्याचं म्हणणं. तसंही त्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचं झालं तर सासूच्या मार्फत. या प्रकरणात सासू निरोप न्यायलाही तयार नव्हती, कारण तिला दोघांचंही पटत होतं.

मागच्या अंगणात तिनं मला काम दाखवलं. लोकर पिंजून तरटावर पसरायची, वर गरम पाणी आणि साबण शिंपडायचं, तरट गुंडाळायचं आणि दोन्ही हातांनी लाटत राहायचं. लोकर एकमेकीत गुंतून तिचं जाड कापड होतं. मग ते कापून पिशव्या शिवायच्या. पहिल्या खेपेच्या पिशव्या तिनं वसमतच्या एका रोपवाटिकेत नेऊन दिल्या होत्या. रोपवाटिकेचा मालक भला माणूस, त्यानं पपईची रोपं त्यात भरून बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर गावातली कुत्री वास काढत आली होती आणि पिशव्या तोंडात धरून शेतभर पळवल्या होत्या. हे सांगताना ती स्वतःच इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला.

मग तिनं लोकर कडुलिंबाच्या पाण्यात उकळून घ्यायला सुरुवात केली. वास गेला. पण आता दुसरी तकलीफ. ओली माती भरली की पिशवी बसायची, गोळा व्हायची, रोप कलंडायचं. तिथं तिचं काम अडलं होतं.

हे सुचलं कसं, असं मी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की एक मेंढी होती. कळपाच्या पुढे चालणारी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. जन्मली तेव्हा तिची आई मेली होती आणि सासऱ्यानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. त्याच्या आवाजावर ती उठायची, बसायची. एका वर्षी रस्त्याच्या कडेनं झाडं लावण्याचं काम झालं. खड्डे, रोपं, सगळं नीट. पण फाडलेल्या काळ्या पिशव्या तिथंच चारीत पडून राहिल्या. पुढे काही महिन्यांनी ती मेंढी खाईना, फुगली, आणि मेली. सासरा तेव्हा लेकीच्या गावी गेला होता. सुनेनं आणि तिच्या नवऱ्यानं मेंढी चिरून बघितली, तर पोटात त्या काळ्या पिशव्यांचा लगदा, गवतात गुंडाळलेला.

"मामंजींना आमी सांगितलं, रोग आला," ती म्हणाली. "पोटात काय निघालं ते न्हाई सांगितलं. त्यांना सोसलं नसतं."

त्यानंतर रस्त्यानं जाताना तिला सगळीकडे त्याच पिशव्या दिसू लागल्या. आणि घरामागच्या खड्ड्यात लोकर. या दोन गोष्टी तिच्या डोक्यात कधी जोडल्या गेल्या, हे तिला सांगता येईना.

मी हिंगोलीला परत आले आणि गोष्ट तयार करू लागले. माझ्या साहेबांना ती पसंत पडली, पण त्यांना वाटलं की धंदा जरा उभा राहू दे, मग सांगू. मला ते पटलं नाही. अडलेल्या माणसाची गोष्टही सांगायला हवी, एखाद्या ऐकणाऱ्याला उपाय माहीत असतो, असं मी म्हटलं. त्यांनी फार ताणलं नाही. पहिल्यांदा ती गोष्ट तिच्याच गावात सांगायचं ठरलं. तसं आम्ही कधी करत नव्हतो, पण तिनंच तो हट्ट धरला.

त्या संध्याकाळी शाळेच्या आवारात मी पडदा बांधत होते, तेव्हा ती जवळ आली. मी तिला विचारलं, मेंढीचं सांगू का? तुमचे सासरे येणार आहेत.

ती पडद्याची दोरी हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "सांगा. मला त्यांच्यासमोर बोलता येत न्हाई. आपली सून लोकर मातीत काहून घालून राहिली, ते त्यांना कुणी तरी सांगाया पायजे."

तेव्हा मला कळलं की तिनं गावातच सांगायचा हट्ट का धरला होता. आजवर मी अनोळखी माणसांची गोष्ट अनोळखी माणसांना सांगत आले होते. इथं ज्याच्या घरातली गोष्ट तोच समोर बसणार होता.

दिवेलागणीला लोक जमले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. म्हातारा पुरुषांत मागे, काठी मांडीवर आडवी टाकून. मी घोंगडीपासून सुरुवात केली. या गावची घोंगडी कुठकुठं जायची ते सांगितलं. मग खड्ड्यात पडणारी लोकर. मग रस्त्याची झाडं. आणि मग मेंढी. कपाळावरच्या ठिपक्याचं बोलले तेव्हा काही माणसांनी मागे वळून म्हाताऱ्याकडे बघितलं. तिच्या पोटात काय सापडलं ते मी सांगितलं, आणि ते घरी का लपवलं तेही. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते. पुढे कुत्र्यांचं सांगितलं तेव्हा सगळं आवार हसलं.

पिशवी बसते, गोळा होते, इथवर मी आले. आता त्या उपाय शोधत आहेत, लोकर आणखी जाड पसरून बघणार आहेत, असं मी म्हणत होते.

"तसं न्हाई," मागून म्हातारा म्हणाला.

मी थांबले. तो काठी टेकत उठला आणि उभ्यानंच बोलू लागला. जाड करून काही होणार नाही, नुसतं वजन वाढेल. मेंढरं कातरायच्या आधी वाहत्या पाण्यात धुवायला हवीत, नंतर लोकर उकळून काय उपयोग, तिचा जीव जातो. जून लोकरीत थोडी कोकरांच्या पहिल्या कातरणीची लोकर मिसळायची, म्हणजे धरून राहते. आणि घोंगडी ताठ कशानं होते, हे या पोरांना कुठून माहीत असणार. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून त्याची खळ लावतात. खळ बराबर बसली की घोंगडी भिंतीला टेकून उभी राहते. पिशवीचं काय घेऊन बसलात.

एवढं बोलून तो थांबला. सून बायकांत बसली होती, जेमतेम दहा हातांवर. तो तिच्याकडे वळला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तिला सांगा. उद्या चिंचोके भिजू घाल म्हणावं."

मी तिच्याकडे बघितलं. तिची मान खाली होती.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "चिंचोके घरात हायेत म्हणावं."

आवारात कुणी हसलं नाही. सासू शेजारी बसली होती, तिनं फक्त सुनेच्या पाठीवर हात ठेवला. मी स्पीकर बंद केला.

नंतर जे झालं ते सावकाश झालं. खळ लावलेल्या पिशव्या उभ्या राहिल्या, पण पहिल्या खळीला मुंग्या लागल्या. मग म्हाताऱ्यानंच खळीत कडुलिंबाचा रस घालून बघितला. वसमतचा रोपवाटिकावाला पुन्हा तयार झाला. आधी पपई, मग लिंबू, मग आंब्याची कलमं. शेजारच्या घरांतल्या बायका कामाला येऊ लागल्या. भोवतालच्या मेंढपाळांना तिनं निरोप दिला की लोकर टाकू नका, मी विकत घेते. फक्त मेंढरं धुऊन कातरा. ही अट ऐकून पहिल्यांदा लोक हसले. आता कातरणीच्या दिवसांत ओढ्यावर मेंढरं धुवायला रांग लागते. तिचा नवराही आता कळप घेऊन फार लांब जात नाही. इकडे लोकर जमवायला, पोचवायला माणूस लागतो.

प्लास्टिक संपलं असं मात्र झालेलं नाही. मोठ्या रोपवाटिका अजून काळ्या पिशव्याच वापरतात, कारण त्या स्वस्त आणि ट्रकभर मिळतात. तिच्या पिशव्या थोड्या, हातानं केलेल्या. एखाद्या वर्षी मागणी इतकी कमी होते की बायका परत हळदीच्या कामाला जातात. ती हे कुणापासून लपवत नाही, आणि गोष्टीत मीही हे गाळत नाही.

म्हाताऱ्यानं एक अट घातली होती. दर वर्षी चांगली लोकर निवडून त्याच्यासाठी बाजूला ठेवायची. दाण्याची पोती हलली, फळ्या निघाल्या, आणि हिवाळ्यात तो मागावर बसू लागला. वर्षाला एक घोंगडी होते, कधी तीही अर्धी राहते. सून आता त्याच्याशी थेट बोलते का, असं मी एकदा सासूला विचारलं. ती म्हणाली, बोलते, पण फक्त लोकरीचं. बाकीचे निरोप अजून मलाच न्यावे लागतात.

गेल्या वर्षी औंढ्याच्या बाजूच्या एका गावात माझा कार्यक्रम होता. तिला म्हटलं, यंदा मी सांगत नाही, तुम्हीच चला. ती येईना. बोलताना हात थरथरतात म्हणाली. मी म्हटलं, हातात लोकर घ्या. ती आली. जमिनीवर तरट पसरलं, लोकर मांडली, पाणी शिंपडलं आणि काम करत करत बोलत राहिली. माझ्यापेक्षा तिचा आवाज बारीक, म्हणून लोक उठून जवळ येऊन बसले. पडदा मी लावलाच नाही.

शेवटी एका शेळ्या पाळणाऱ्या बाईनं विचारलं, शेळीच्या केसांचं असं काही होईल का? माझ्याकडे ढीग पडलाय.

मला वाटलं, ती आता 'होईल' म्हणेल, लोकांना तेच ऐकायचं असतं. तिनं हातातली लोकर खाली ठेवली.

"मला माहीत न्हाई," ती म्हणाली. "शेळीचा केस निसरडा असतो, गुंतत न्हाई. पण तुमी थोडे जमवून ठेवा. मी येते, दोघी करून बघू."

त्या बाईनं तिला तिथंच विचारलं, कधी येता? मग दोघी जीपच्या वेळा जुळवत बसल्या, आणि मी एका बाजूला बसून तरट गुंडाळू लागले.